शेपटाची पाळी

एकटाच का फिरतोस रे सायकलवर, असं मला सारखं कुणी ना कुणी विचारतं. आणि आजवर ज्यांना ज्यांना मी उत्तर दिलं, त्या सगळ्यांना मी थापा मारल्या. बायकोलासुद्धा. तुम्हाला खरं सांगायला बसलोय — पण जीभ शेवटपर्यंत रेटेल का नाही, हे माझं मलाच अजून धड कळत नाही.

थापा तरी कसल्या? तर म्हणे, घोळक्यात सायकल चालवली की गप्पा होतात, सायकल होत नाही. म्हणे, एकटं असलं की माणूस स्वतःशी बोलतो. एकदा तर एका कार्यक्रमात मला माईक दिला होता. ‘एकट्याचा प्रवास’ वगैरे विषय. मी आजऱ्याच्या वाटेवरची काजूची झाडं, पहाटेचं धुकं, शांतता असलं काय काय रंगवून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःशी बोलणं! अहो, स्वतःशी बोलायची वेळ येऊ नये म्हणूनच तर मी एवढ्या जोरात पाय मारतो.

पूर्वी मी एकटा नव्हतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतले आम्ही आठ-नऊ जण दर रविवारी उजाडायच्या आत निघायचो. माझं उचगावला पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान, धनाजीचा दुधाचा व्यवसाय, एकजण बँकेत, एकजण क्लास चालवणारा — अशी सगळी मुरलेली माणसं. एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय आमची सायकल हलायची नाही. पण एक नियम होता आणि तो कुणीही मोडत नसे. दर रविवारी एकाला शेपूट करायचं. शेपटानं पोपटी जाकीट घालायचं, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान त्याच्याकडं, आणि त्यानं सगळ्यांत शेवटी राहायचं. पुढचा कितीही हळू चालवू दे, उतरून ढकलत नेऊ दे, झाडाखाली बसू दे — शेपटानं त्याच्या पुढं जायचं नाही. पाळी प्रत्येकाला यायची.

आणि मुक्कामाला पोचलं की शेपूट आल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही. पोपटी जाकीट दिसलं की ओरडा व्हायचा — शेपूट आलं! मग पहिली भाकरी शेपटाच्या ताटात. शेपूट आलं म्हणजे सगळे आले, मागं कुणी राहिलं नाही. त्यानंतर मोजायची-बिजायची भानगड कुणी करत नसे. गरजच काय?

आता वैनींचं सांगतो.

मालतीवैनी म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या. त्यांचे मिस्टर वसंता माझा जिवाभावाचा मित्र. तो गेला तशा वैनी घरात बसून राहायला लागल्या. आम्ही रविवारी निघालो की गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. एकदा मी घंटी वाजवून हात केला, तर वरनं म्हणाल्या, “भावजी, मला जमंल का हो?” पन्नाशी उलटलेली बाई. लहानपणी शाळेला सायकलवरनं जात होत्या, त्यानंतर हात लावला नव्हता. त्यांचा मुलगा अभिजित तयार नव्हता. आई, या वयात कुठं पडलीस-बिडलीस म्हणजे केवढ्याला पडंल? तेव्हा कोण पुढं झालं? मीच. छाती काढून म्हटलं, “माझ्यावर सोड रे. आईला नेली तशी आणून दारात उभी करतो.” वसंताच्या फोटोसमोर म्हटलंय हे. चहाचा कप हातात होता माझ्या.

वैनी यायला लागल्या. दोन-तीन महिन्यांत चेहरा बदलला बाईचा. हसायला लागल्या, आम्हाला उलट बोलायला लागल्या. पण हळू! काय सांगू किती हळू. आणि मधेच थांबायच्या. उसाच्या फडात बाया दिसल्या की थांबून, कुणाचं रान, कुठल्या तुम्ही, अशी चौकशी. त्यांच्या मागं शेपूट होऊन राहायचं म्हणजे माझा जीव नुसता उकळायचा. तापट आहे मी, हे लपवत नाही. दुकानात गिऱ्हाइकानं एकच गोष्ट दोनदा विचारली की माझ्या कपाळाला आठी पडते. वैनींच्या मागं असताना मी तोंडानं “निवांत चला वैनी, घाई न्हाय” म्हणायचो आणि मनात — जाऊ दे. मनात काय म्हणायचो ते सांगण्यासारखं नाही.

त्या रविवारी पन्हाळा ठरला होता. दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारवा. शेपटाची पाळी माझी. पंचगंगेच्या पुलावर धनाजीनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आज काय, वैनींचं शेपूट! निवांत या, जेवणाच्या टायमाला पोचला तरी चालतंय!” सगळे हसले. वैनीपण हसल्या. त्यात काही वाईट नव्हतं, रोजचीच चेष्टा. पण मला लागली. मागच्याच आठवड्यात चढावर धनाजीनं मला मागं टाकलं होतं आणि ते माझ्या डोक्यातनं गेलं नव्हतं. पन्नाशीतला माणूस मी — आणि एवढ्याशा गोष्टीचा राग धरून बसलेलो.

वाघबीळपर्यंत मी वैनींच्या मागं होतो. तिथनं चढ लागतो. बाकीचे केव्हाच वळणाआड गेलेले. वैनी चढाला लागल्या आणि पाय टाकत, थांबत, परत पाय टाकत निघाल्या. मी आधी मागं. मग शेजारी. मग — कसं झालं म्हणून सांगू? — चढावर फार हळू चालवलं की तोल जातो ना, ते निमित्त करून मी पुढं झालो. दहा हात. पंधरा हात. शेपूट पुढं आणि माणूस मागं. खरं म्हणजे जे व्हायचं ते तिथंच झालं होतं.

मागनं वैनींचा आवाज आला.

“भावजी, चेन खटखट करतीया. थांबा की जरा!”

आता इथं मी तुम्हाला सांगू शकतो की वारा होता, ऐकू आलं नाही. एखादी गाडी गेली, तिच्या आवाजात राहिलं. कुणी विचारलं असतं तर हेच सांगायचं म्हणून मी कित्येक वर्षं तयारी करून ठेवली होती. पण ऐकू आलं मला. शब्द न् शब्द ऐकू आला. आणि मी काय केलं? गिअर बदलला आणि पाय मारले.

मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

आणि खरं सांगू? — मजा आली. हेच सांगायला सगळ्यात जड जातंय. त्या चढावर मी एकटा, खाली दरीत धुकं, छाती भरून श्वास, अंगात पंचविशीतला जोर आल्यासारखं वाटत होतं. सायकलवर इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. वरच्या वळणावर धनाजी दिसला. त्याला गाठला, मागं टाकला, टाकताना शिवी हासडली. मनात हिशेब असा होता, की वर जाऊन पाय टेकायचा आणि तसंच उलटं खाली यायचं. वैनींना काय, पाच मिनिटं उभ्या राहतील. त्यांना थांबायला आवडतंच की. असा विचार केला मी, खोटं कशाला बोलू.

वर आमच्या नेहमीच्या झुणका-भाकरीवाल्या मावशी भाकरी थापत बसलेल्या. पोपटी जाकीट बघितल्याबरोबर ओरडा झाला — शेपूट आलं, शेपूट आलं! मावशींनी तव्यावरची भाकरी उचलून माझ्या ताटात घातली. पाठोपाठ धनाजी आला, धापा टाकत. कुणी कांदा फोडला. मी ताट हातात घेऊन उभा. तेव्हा बोलता आलं असतं का? आलं असतं. “अरे थांबा, वैनी मागं आहेत, मी घेऊन येतो” — एवढंच. थोड्या शिव्या पडल्या असत्या, महिनाभर चेष्टा झाली असती, संपलं असतं. पण धनाजीनं विचारलं, वैनी कुठायत? आणि माझ्या तोंडातनं आपोआप बाहेर पडलं, “माघारी गेल्या. दमल्या. मला म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं.”

आणि मग, न विचारता, वर पुस्ती जोडली — गुडघा दुखतोय म्हणाल्या.

कुणाला शंका आली नाही. कशी येणार? शेपूट कुणाला मागं टाकून येतं का कधी? आमच्यात ते शक्यच नव्हतं. धनाजी फक्त एवढं म्हणाला, की मग तू खाली सोडायला जायला पाहिजे होतंस. मी म्हटलं, नको म्हणाल्या. आणि बसून जेवलो. दुसरी भाकरी मागितली.

दुसरी भाकरी अर्धी झाली होती तेव्हा अभिजितचा फोन आला.

झालं होतं ते असं. वैनींची चेन पडली. त्यांना ती बसवता येत नव्हती. ते काम शेपटाचं. फोन त्या जवळ ठेवत नसत. त्यांनी वाट बघितली. बराच वेळ बघितली असणार, कारण उन्हं वर आली होती. मग चेन नसली तरी उतारावर सायकल आपोआप जाते, म्हणून त्यांनी तोंड खालच्या बाजूला केलं. एका वळणावर वाळूवरनं घसरल्या. डावं मनगट मोडलं आणि कानाच्या वर डोकं फुटलं. भाजी घेऊन शहरात चाललेल्या एका जीपवाल्यानं त्यांना उचलून दवाखान्यात पोचवलं. सापडल्या तेव्हा सायकलचं तोंड कोल्हापूरकडं होतं. म्हणजे माझं म्हणणं खरंच ठरलं की. मला दवाखान्याच्या जिन्यात हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो असं वाटलं. त्या जगतील का, हा विचार त्याच्या नंतर आला.

वैनी शुद्धीवर होत्या. हाताला प्लास्टर, डोक्याला पट्टी. आम्ही सगळे खाटेभोवती उभे, सायकलचे कपडे अंगावर तसेच. अभिजित चिडून बोलत होता, आई, तुला एकटीला माघारी यायची काय गरज होती? वैनी त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी कुठं म्हटलं माघारी जातो म्हणून? मी भावजींना हाक मारली की. थांबा म्हटलं.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी पुढं झालो. खाटेच्या दांडीवर हात ठेवला. आणि अगदी मायेनं — हो, मायेनंच, आवाज मऊ करून — म्हटलं, “वैनी, डोक्याला मार लागलाय तुमच्या. तुम्हाला आठवत न्हाय आता. असू दे, बोलू नका जास्त.”

धनाजीनं मान हलवली. कुणीतरी म्हणालं, होतं असं, डोक्याला लागलं की मागचं पुसलं जातं. अभिजितनं आईच्या कपाळावर हात ठेवला. वैनी माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही. नीट आठवून बघताना माणूस जसं बघतं, तसं.

भित्रेपणा माणसाकडनं होतो. घाबरलो, बोललो — इथवर तुम्ही मला कदाचित समजून घ्याल. पण पुढचं ऐका.

प्लास्टर निघाल्यावर एक दिवस वैनी आमच्याकडं आल्या. बायको बाजारात गेली होती. हातात करंज्यांचा डबा. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “भावजी, एक विचारतो, खरं सांगा. मी तसं म्हटलं हुतं का हो, तुम्ही व्हा पुढं म्हणून?” खोलीत आम्ही दोघंच. कुणी ऐकणारं नाही, कुणी हसणारं नाही. डोळ्यांत राग नाही बाईच्या. नुसतं विचारत होत्या. कारण त्यांना आठवत होतं ते एक आणि सगळं जग सांगत होतं ते दुसरं. इतकी सोपी वेळ देवानं मला परत दिली नसती.

मी म्हटलं, “व्हय वैनी. मी विचारलं, थांबू का म्हणून. तुम्ही नको म्हणाला.”

विचारलं म्हणे! तेवढंही नवीन जोडलं.

वैनींनी मान खाली घातली. म्हणाल्या, “मग माझंच डोकं. उगंच तुम्हाला समद्यांसमोर खोटं पाडलं मी. मनावर घेऊ नका हं.” माफी मागितली हो त्यांनी माझी! आणि मी काय म्हटलं? असू दे वैनी, त्यात काय. मोठेपणानं म्हटलं. करंज्या खाल्ल्या आम्ही. रिकामा डबा देऊ नये म्हणून बायकोनं त्यात साखर घालून परत पाठवला.

त्यानंतर मी घोळक्यातनं निघालो. कुणी काढलं नाही मला. पण माझी पाळी आली की ते पोपटी जाकीट माझ्यापुढं यायचं आणि माझा हात पुढं होत नसे. एकदा दुकानाचं निमित्त सांगितलं, एकदा पाठ दुखते म्हटलं. मग जायचंच बंद केलं. एकट्यानं निघायला लागलो. एकटा असला की शेपूट लागत नाही आणि कुणी मागनं हाक मारत नाही. हे माझं एकट्याचं सायकल चालवणं, ज्यावर लोक टाळ्या वाजवतात.

वैनींची सायकल अभिजितनं कुणालातरी देऊन टाकली. त्यांनी एका शब्दानं विरोध केला नाही. तसा विरोध त्या आता कशालाच करत नाहीत. काही सांगायला लागल्या की मधेच थांबतात. मागं एका लग्नात वसंताची आठवण सांगत होत्या. आम्ही तिघं जोतिबाला गेलो होतो आणि वसंताची चप्पल चोरीला गेली होती, तो किस्सा. बारीकसारीक तपशिलासकट सांगत होत्या. मी विसरलो होतो, त्यांना चपलेचा रंग आठवत होता. आणि रंगात आल्या असतानाच एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या, “असंच झालं हुतं न्हवं, भावजी? का मी काय घुसडतोय?” स्वतःच्या नवऱ्याच्या आठवणीला त्यांना माझी साक्ष लागते. माझी! मी व्हय म्हटलं आणि ताटातला जिलेबीचा तुकडा मोडत बसलो.

घरात सून त्यांना गॅसजवळ जाऊ देत नाही. किल्ल्या त्यांच्याकडं नसतात. वाईट नाही ती मुलगी, काळजीनं करते. वैनी दूध उतू घालतात कधीमधी, भाजीत मीठ दोनदा पडतं. अहो, मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. माझ्यावर बायको हसते आणि विषय संपतो. वैनींचं काही राहिलं की घरातली माणसं एकमेकांकडं बघतात. आणि त्यांचं ते बघणं वैनींना दिसतं.

ही झाली जुनी गोष्ट, असं म्हणून मी इथं थांबू शकलो असतो. मागच्या महिन्यापर्यंत मीही तसंच म्हणत होतो.

मागच्या महिन्यात अभिजित दुकानावर आला. आईला मेंदूच्या डॉक्टरकडं दाखवायचं ठरवलंय म्हणाला. डॉक्टरांनी फोनवर विचारलंय, विसरायला पहिल्यांदा कधी सुरुवात झाली, कुणाच्या ध्यानात आलं. “काका, तुमच्याच समोर झालतं न्हवं ते? पन्हाळ्याच्या दिवशी?” माझ्या हातात मोटरीची तार होती, गुंडाळायची चाललेली. त्यानं वसंतासारखंच तोंड केलं होतं, ओठ दाबून. मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही रे, त्या दिवशी तुझ्या आईला सगळं आठवत होतं, खोटं मी बोललो. दहा-बारा शब्दांचं काम. वर्षं झाली, धनाजी आता व्याह्यांच्या गावी राहायला गेला, घोळका मोडला, कुणाची भीती राहिलेली नाही. वैनींवर औषधं सुरू होण्याआधी बोलायची ती शेवटची वेळ होती आणि ते मला तिथं उभ्या-उभ्या नीट कळत होतं.

“व्हय,” मी म्हटलं. “त्या दिवसापासनंच.”

अभिजित पाया पडून गेला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. सकाळी न्याहारी झाली की एक. परवा सून दारात भाजी निवडत बसली होती, मी सायकल बाहेर काढत होतो. आईंचं कसं आहे, म्हणून मी विचारलं. ती हसून म्हणाली, “काका, बाकी काय विसरूंद्यात, गोळी घ्यायची मात्र एक दिवस विसरत न्हाईत बघा.”

मी म्हटलं, बरं हाय. आणि पायडलवर पाय ठेवला.